हृद्रोगाची खानेसुमारी

साथीच्या रोगांचा इतिहास लिहिणाऱ्यास साधनांची वाण पडत नाहीं. पटकी, देवी, प्लेग हे रोग गाजावाजा करीत येतात आणि जातांना सरकारी अहवालांत, वर्तमानपत्रांत व गांवोगांवच्या देवळांत आपली खूण ठेवून जातात. इ. स. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग उद्भवला, तेव्हां कल्याण स्टेशनावर उतारूंस गाडींतून खालीं उतरवून त्यांची तपासणी करण्यांत येऊं लागली. रोग अंगावर दिसत होता, म्हणूनच संशयितास बाजूला काढणें शक्य झालें. हृद्रोग, मधुमेह आणि उतारवयांत बुद्धीस लागणारी ओहोटी या त्रयीची जात निराळी आहे. ती माणसाच्या शेजारीं बसून वीस-तीस वर्षें मुकाट्यानें प्रवास करते. एका रोग्याकडे पाहून तिचें कारण उमगत नाहीं. हजारों माणसें मोजावीं, वर्षानुवर्षें त्यांचा मागोवा घ्यावा, कोण आजारी पडलें व कोण धडधाकट राहिलें हें टिपून ठेवावें, तेव्हां कोठें कारणांची संगति लागते. यास्तव या रोगांचा इतिहास हा पुष्कळ अंशीं नोंदवह्यांचा इतिहास आहे. आणि त्या वह्या चाळतां एक गोष्ट आमच्या मनांत ठसते. ज्यांची वही कोणी ठेवली त्यांचाच रोग जगाला दिसला. ज्यांची वही नव्हती त्यांचा रोग त्यांच्या घरापुरता राहिला.

ठाणें जिल्ह्याचेंच पाहूं. या जिल्ह्याचें सरकारी गॅझेटियर १८८२ सालीं प्रसिद्ध झालें. आदल्या वर्षींच्या खानेसुमारींत जिल्ह्याची वस्ती ९ लाखांच्या आसपास भरली होती. जन्ममृत्यूच्या नोंदी त्या काळीं सुरू झाल्या होत्या, परंतु खेड्यांत त्या ठेवणारा पाटील कांहीं वैद्य नव्हता. मृत्यूच्या कारणांत पटकी व देवी यांचे रकाने असत आणि 'ताप' असा एक भला मोठा रकाना असे; मृत्यूंचा मोठा वांटा त्यांतच जमा होई. शेतावर छातींत कळ येऊन पडलेला कुणबी, किंवा पायाची जखम चिघळून गेलेला मधुमेही सावकार, त्या वहींत कोणत्या नांवानें गेला असेल हें कळण्यास मार्ग नाहीं. आमच्या जुन्या वैद्यांस हे रोग ठाऊक नव्हते असें नाहीं. मधुमेहाचें वर्णन चरक-सुश्रुतांच्या संहितांत आहे. उणीव होती ती मोजदादीची.

ही उणीव भरून काढण्याची एक मोठी सोय रेल्वेमुळें झाली. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली गाडी २१ मैलांवरील ठाण्यास पोंचली. पुढच्या वर्षीं मे महिन्यांत रूळ कल्याणपर्यंत गेले. रेल्वेनें या गांवांना मुंबईचें शेजार दिलें हें सर्वांस ठाऊक आहे. पण तिनें आणखी एक गोष्ट निर्माण केली, ती म्हणजे हजेरीपट. पंजाबापासून मद्रासेपर्यंत एकच धनी, एकाच धर्तीचे दवाखाने, आणि नोकरींत असतां मेलेल्या प्रत्येकाची कागदोपत्रीं नोंद, असा लाखों माणसांचा समुदाय हिंदुस्थानांत क्वचितच दुसरा असेल. पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय खात्यांतील डॉ. एस्. एल्. मल्होत्रा यांनीं या हजेरीपटाचा उपयोग केला. सुमारें ११ लाख ५० हजार रेल्वे-नोकरांमधील हृदयविकाराच्या मृत्यूंचा हिशेब त्यांनीं मांडला आणि तो १९६७ सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्यें छापला. दक्षिणेकडील नोकरांत हृदयविकारानें मरणाऱ्यांचें प्रमाण उत्तरेकडील नोकरांच्या ७ पट होतें, आणि दक्षिणेंत हा मृत्यु लहान वयांत येत होता. नवल असें कीं, तूपलोणी व इतर स्निग्ध पदार्थ उत्तरेकडील नोकर दक्षिणेकडील नोकरांच्या ८ ते १९ पट खात असत. जेवढी चरबी अधिक तेवढा हृद्रोग अधिक, असें त्या सुमारास पाश्चात्य वैद्यकांतील मोठा पक्ष सांगत होता. आमच्या रेल्वेच्या हजेरीपटानें, हें प्रकरण इतकें सोपें नाहीं, असें त्यास उत्तर दिलें. चरबीची जात आणि अन्न चावून खाण्याची संवय यांवर भर देणारी मल्होत्रांची कारणमीमांसा पुढें सर्वमान्य झाली नाहीं. परंतु त्यांनीं उभा केलेला प्रश्न खरा होता. हजेरीपटाची मर्यादाहि येथेंच सांगितली पाहिजे. त्यांत नोकरांच्या बायका नव्हत्या, पेन्शनींत निघालेले म्हातारे नव्हते. आणि ज्यांच्या गर्दीनें या गाड्या भरतात ते उतारू तर त्यांत येण्याचा संभवच नव्हता.

उतारूंच्या गांवाची वही कशी असते तें पाहण्यास अमेरिकेंत गेलें पाहिजे. बॉस्टन शहराच्या पश्चिमेस सुमारें २० मैलांवर, म्हणजे बोरीबंदराहून ठाणें जितकें दूर जवळजवळ तितक्याच अंतरावर, फ्रामिंगहॅम नांवाचें गांव आहे. १९४८ सालीं सुरू झालेल्या पाहणींत तेथील ५,२०९ स्त्रीपुरुषांनीं दर दोन वर्षांनीं आपली तपासणी करून घेण्याचें मान्य केलें. वय वाढतें तसा रक्तदाब वाढावयाचाच, त्यांत चिंता करण्याजोगें कांहीं नाहीं, असें मानणारे डॉक्टर त्या वेळीं पुष्कळ होते. फ्रामिंगहॅमच्या वहीनें तो समज मोडला, आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान व मधुमेह यांचा हृद्रोगाशीं असलेला संबंध पक्का केला. १९७१ सालीं त्या लोकांचीं मुलें व २००२ सालीं नातवंडें वहींत आलीं. मूळचीं माणसें म्हातारीं झालीं तेव्हां त्यांची स्मरणशक्तीहि तपासण्यांत आली. मध्यम वयांत ज्यांचा रक्तदाब चढा होता त्यांची बुद्धि पुढें अधिक मंदावलेली दिसली. हृदय, रक्तांतील साखर आणि मेंदु यांचें नातें आज वैद्यक सांगतें, तें अशा चिकाटीच्या नोंदींच्या बळावर.

मुंबईंत असा मागोवा घेण्याचें मोठें काम १९९१ सालीं सुरू झालें. डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांचे सहकारी यांनीं मतदारयाद्या आधाराला घेतल्या आणि १९९७ पर्यंत ३५ वर्षें व त्यावरील वयाचे १,४८,१७३ स्त्रीपुरुष घरोघर जाऊन नोंदले. मुख्य हेतु तंबाखूचे दुष्परिणाम मोजण्याचा होता. परंतु प्रत्येकाचें वजन व उंचीहि घेतली होती. कांहीं वर्षांनीं तींच घरें पुन्हां गांठून कोण हयात आहे याचा तपास केला, तेव्हां अगदीं कृश माणसांत मृत्यूचें प्रमाण सर्वांत अधिक आढळलें. लठ्ठपणाची धास्ती जगभर पसरत असतां मुंबईची वही काटकुळ्यांचे मृत्यु दाखवीत होती. याचा अर्थ लावण्यापूर्वीं वहीचा परीघ पाहावा. ती मुंबई बेटापुरती होती. शीव-माहीमपाशीं तिची हद्द संपली. शिवाय, श्रीमंत व उच्च मध्यमवर्गीयांच्या इमारतींत पहाऱ्यामुळें गणकांचा शिरकाव होईना, म्हणून त्या वगळाव्या लागल्या. चाळकरी व झोपडींत राहणारे वहींत आले. दार बंद करूं शकणारे बाहेर राहिले. आणि गिरगांव-दादरच्या चाळी सोडून जीं कुटुंबें आधींच ठाण्या-डोंबिवलीस जाऊन स्थायिक झालीं होतीं तींहि बाहेर राहिलीं.

कृश माणूस जर दारिद्र्याच्या रोगांनीं मरतो, तर मधुमेहासारखा सुखवस्तु समजला जाणारा रोग कृश माणसांच्या देशांत कां फोफावावा? या कोड्याची किल्ली दोन वह्यांत सांपडली. त्यांतली एक इंग्लंडांतील, दुसरी पुण्याजवळची. हर्टफर्डशर परगण्यांत १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंच्या देखरेखीखालीं आरोग्यसेविका नवजात मुलाचें वजन, व तें वर्षाचें झालें म्हणजे पुन्हां वजन, वहींत लिहीत असत. पुढें त्या वह्या डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हातीं आल्या. आणि वर्षाचे असतां ज्यांचें वजन कमी होतें तेच पुरुष पुढें हृदयविकारानें अधिक मेले, असें त्यांनीं १९८९ सालीं दाखवून दिलें.

पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं बार्कर व त्यांच्या सहकारी डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या साहाय्यानें १९९३ सालीं पुण्याजवळच्या ६ खेड्यांत नवीच वही उघडली, आणि तीहि मूल जन्मण्यापूर्वीं, आईपासून. त्या आयांचें सरासरी वजन ४२ किलोंच्या आसपास होतें. पोटांत मूल असतांहि त्या शेतांत राबत व पाणी वाहून आणीत. मुलांचें जन्मतःचें सरासरी वजन २.७ किलो भरलें. तुलनेस घेतलेल्या साउदॅम्प्टनच्या इंग्रज मुलांचें ३.५ किलो होतें. इतक्या बारीक मुलांच्या अंगावर चरबी ती काय असणार, असें कोणासहि वाटेल. परंतु स्नायु व पोटांतील इंद्रियें लहान, आणि पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र फारशी न घटलेली, असें मोजणींत आढळलें. २००३ सालच्या निबंधानें या कृश तरी स्थूल अशा अर्भकाची ओळख जगाला करून दिली. पुढच्याच वर्षीं याज्ञिकांनीं लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासह आपल्या दोघांचें छायाचित्र 'लॅन्सेट'मध्यें छापलें. उंचीच्या मानानें वजनाचा जो अंक काढतात तो दोघांचाहि २२.३, अंगांतील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के व याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनाचा कांटा आमच्या लोकांस कसा फसवतो याचा याहून सुटसुटीत पुरावा आम्हांस माहीत नाहीं.

पुण्याच्या संशोधनाचा आणखी एक भाग मध्यमवर्गानें मुद्दाम वाचण्याजोगा आहे. खेडें, झोपडपट्टी व शहरी मध्यमवर्ग या तीन ठिकाणच्या ४४१ प्रौढ पुरुषांचें रक्त तपासलें, तेव्हां ६७ टक्क्यांत ब-१२ हें जीवनसत्त्व कमी निघालें. ही उणीव सर्वांत गरिबांत अधिक असेल अशी कल्पना होईल. पण मध्यमवर्गांत तिचें प्रमाण ८१ टक्के होतें. शाकाहार हें त्याचें एक मोठें कारण. खेड्यांतील आयांमध्येंहि सुमारें दोन-तृतीयांश स्त्रियांत हेंच आढळलें. ज्या आयांत ब-१२ कमी व फोलेट अधिक होतें त्यांच्या मुलांत ६ व्या वर्षींच इन्शुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ति अधिक दिसली. ज्यांच्या आयांत ब-१२ फार कमी होतें अशीं मुलें ९ व्या वर्षीं अवधानाच्या व अल्पकालीन स्मरणाच्या कसोट्यांत मागें पडलीं. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असें म्हणतां येत नाहीं. परंतु मधुमेह, हृद्रोग व बुद्धि या तिहींचे धागे गर्भवतीच्या ताटापर्यंत पोंचत असावेत, हें या वहीनें सुचविलें.

दुसऱ्या टोंकाची, म्हणजे वृद्धांच्या बुद्धीची, मोजणी त्याहून अवघड आहे. 'साठी बुद्धि नाठी' असें म्हणून आमच्याकडे घरांतील माणसें विषय संपवतात. गणकापुढें आजोबांचा विसराळूपणा कोणी बोलून दाखवीत नाहीं. मुंबईंत डॉ. वाझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ४० वर्षांवरील २४,४८८ व्यक्तींची पाहणी करून २००१ सालीं ती प्रसिद्ध केली. ६५ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचें प्रमाण २.४४ टक्के निघालें. सबंध देशाच्या २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत ६० वर्षांवरील लोकांत तें ७.४ टक्के सांगितलें आहे. दोहोंच्या कसोट्या व वयोगट निराळे असल्यामुळें रोग तिप्पट झाला असें अनुमान काढणें चूक होईल. पण मोजण्याची रीत बदलतांच रोगाचा आकार किती बदलतो, हें त्यावरून कळतें.

आतां कोणी म्हणेल कीं, सरकारी पाहण्या तर होतच असतात. त्या होतात व उपयुक्तहि आहेत. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत महाराष्ट्रांत मधुमेहाचें प्रमाण ८.४ टक्के, शहरांत १०.९ व खेड्यांत ६.५ असें निघालें. परंतु ही एका दिवशींची शिरगणती झाली. आज ज्याची साखर वाढलेली आहे तो वीस वर्षांपूर्वीं काय खात होता, किती झोंपत होता, किती तास उभ्यानें प्रवास करीत होता, तें तींत येत नाहीं. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी व त्यांचे सहकारी यांनीं २००७ सालीं अनेक देशांतील रोग्यांच्या तुलनेवरून दाखविलें कीं, दक्षिण आशियांत हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षीं येतो, इतर देशांत ५८.८ व्या. त्रेपन्नाव्या वर्षीं डोंबिवलीचा माणूस अजून सकाळची गाडी पकडत असतो. मुलांचें शिक्षण संपलेलें नसतें व घराचे हप्ते चालू असतात.

२०११ च्या खानेसुमारींत ठाणें शहराची वस्ती १८ लाखांवर व कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर भरली. रेल्वेच्या हजेरीपटांत हे लोक उतारू होते. मुंबईची वही त्यांच्या अलीकडे थांबली. पुण्याची खेड्यांत राहिली. या शहरांना वह्या ठेवण्याची संवय नाहीं असें कोण म्हणेल? कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें व ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें आहे. पिढ्यान्‌पिढ्या सभासदांच्या नोंदी, वर्गणी व इतिवृत्तें सांभाळणारीं हीं गांवें आहेत. फ्रामिंगहॅमच्या कार्याला याहून निराळा गुण लागला नाहीं. दोन्ही महानगरपालिका, येथील वैद्यमंडळी व गृहनिर्माण संस्था यांनीं मिळून चार-पांच हजार कुटुंबांची वही उघडावी, दर दोन वर्षांनीं रक्तदाब, साखर, कंबरेचा घेर व स्मरणशक्ति यांची नोंद करावी, आणि ती निदान एक पिढीभर बंद पडूं देऊं नये, असें आम्ही सुचवितों. पहिलें उत्तर मिळण्यास दहा वर्षें लागतील, हें खरें. परंतु १९९१ सालीं मुंबईबरोबर येथेंहि ती उघडली असती, तर त्या वेळचा पस्तिशींतला उतारू आज सत्तरीच्या घरांत असतां, त्याचें हृदय व त्याची बुद्धि कशानें टिकली वा कशानें खालावली, हें आम्हांस त्याच्या मुलाला सांगतां आलें असतें.