पोर्तुगीज शिकायची आहे? क्लास लावण्याआधी ‘कुठली पोर्तुगीज’ ते ठरवा

मोबाइलवर ॲप उतरवलं, रोज पंधरा मिनिटं नेमाने दिली, शंभर दिवसांची साखळी पूर्ण झाली. मग कामासाठी लिस्बनला उतरल्यावर टॅक्सीवाल्याचं एक वाक्यही कळलं नाही. पोर्तुगीज शिकणाऱ्या प्रौढांच्या बाबतीत हे अनेकदा घडतं. अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे, तर ॲप ब्राझीलची पोर्तुगीज शिकवत होतं आणि माणूस पोर्तुगालला गेला म्हणून.

पोर्तुगाल आणि ब्राझीलसह अंगोला, मोझांबिक, केप व्हर्डे, गिनी-बिसाऊ, साओ टोमे आणि प्रिन्सिपे, पूर्व तिमोर अशा देशांत पोर्तुगीज ही राजभाषा आहे. जगभरात ती बोलणारे २५ कोटींहून अधिक आहेत आणि त्यातले बहुसंख्य एकट्या ब्राझीलमध्ये. त्यामुळे इंटरनेटवर फुकट मिळणारं बरंचसं साहित्य ब्राझिलियन असतं. ड्युओलिंगोवरचा पोर्तुगीज अभ्यासक्रमही ब्राझीलचाच आहे.

फरक नेमका किती?

लिखित भाषेत थोडा, कानाला मात्र खूप. दुधाला दोन्हीकडे एकच शब्द, पण लिस्बनमध्ये तो ‘लाइत्’ असा ऐकू येतो आणि रिओत ‘लेइची’. ‘वाट पाहणे’ या अर्थाचं क्रियापद ब्राझीलमध्ये जवळजवळ अक्षरागणिक ‘एस्पेरार’ असं उच्चारतात, तर पोर्तुगालमध्ये मधले स्वर गिळून ‘श्प्रार’. पोर्तुगालची माणसं स्वर खातात, असं शिकणारे नेहमी म्हणतात ते यामुळेच. नवशिक्याला ब्राझीलची बोली ऐकायला सोपी वाटते, कारण तिथे स्वर मोकळे असतात.

रोजचे शब्दही वेगळे. रेल्वेगाडी पोर्तुगालमध्ये ‘कोम्बोयो’, ब्राझीलमध्ये ‘त्रें’. बस तिकडे ‘आउतोकारो’, इकडे ‘ओनिबुस’. सकाळचा नाश्ता पोर्तुगालमध्ये ‘पेकेनो आल्मोसो’, म्हणजे छोटं जेवण, तर ब्राझीलमध्ये ‘काफे दा मान्यां’, म्हणजे सकाळची कॉफी.

समोरच्याला काय म्हणायचं, हा प्रश्न मराठी माणसाला लगेच कळेल. ब्राझीलच्या बऱ्याच भागांत ‘व्होसे’ हे रोजचं, सगळ्यांसाठी चालणारं संबोधन आहे. पोर्तुगालमध्ये घरच्यांना आणि मित्रांना ‘तू’ म्हणतात. अनोळखी वडीलधाऱ्यांना ‘उ सेन्योर’ किंवा ‘आ सेन्योरा’ म्हणतात, म्हणजे आपल्या ‘साहेब, आपण’सारखं. तिथे ‘व्होसे’ काहींना तुटक, अगदी उद्धटही वाटू शकतं.

या फरकाने घाबरून जायचं कारण नाही. एक बोली नीट आली की दुसरीची सवय होते. पोर्तुगालमधले लोक तर ब्राझीलच्या मालिका १९७७ मधल्या ‘गाब्रिएला’पासून घरोघरी बघत आले आहेत, त्यामुळे ब्राझिलियन धाटणीचं बोलणं त्यांना सहज समजतं. अडचण उलट दिशेने येते. तुमचं त्यांना कळतं, त्यांचं तुम्हाला कळत नाही. म्हणून पहिलं वर्षभर तरी एकाच बोलीला चिकटून राहणं शहाणपणाचं.

शिकायची कशासाठी?

पद्धत निवडताना खरा निर्णायक प्रश्न हाच आहे.

पोर्तुगालमध्ये राहायचं, काम करायचं किंवा पुढे नागरिकत्वासाठी अर्ज करायचा असेल, तर ‘ए२’ हा शब्द लक्षात ठेवावा. युरोपात भाषेची पातळी ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्यांत मोजतात आणि तिथे राहून नागरिकत्व मागणाऱ्याला साधारणपणे दुसरी पायरी, ए२, गाठल्याचा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठीची परीक्षा म्हणजे लिस्बन विद्यापीठाच्या ‘काप्ल’ केंद्राची ‘सीप्ल’. तिची केंद्रं पोर्तुगालबाहेरही आहेत. वाचन-लेखनाला ४५ टक्के, ऐकण्याला ३० टक्के, बोलण्याला २५ टक्के भार आणि उत्तीर्ण होण्यासाठी ५५ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त गुण कान आणि तोंडावर अवलंबून आहेत. नुसती शब्दांची पत्ती पाठ करून बसणारे इथे अडकतात.

परीक्षेला पर्यायही आहे. पोर्तुगालमध्ये कायदेशीर राहणाऱ्या परदेशी प्रौढांसाठी सरकारी शाळा आणि रोजगार प्रशिक्षण केंद्रांमधून ‘स्वागतभाषा’ या नावाचे अभ्यासक्रम चालतात. ते मोफत असतात आणि त्यातलं ए२ चं प्रमाणपत्र नागरिकत्वासाठी धरलं जातं. त्यामुळे जो तिथे पोचणारच आहे, त्याने भारतात महागडा प्रमाणपत्राचा क्लास लावण्याआधी दोनदा विचार करावा. इथे ए१ पुरतं शिकून जाणं आणि पुढचं तिथे करणं हा स्वस्त मार्ग आहे. मात्र तिथल्या वर्गांत जागा मिळायला वेळ लागू शकतो.

गोव्यातल्या, तसंच दमण-दीवमधल्या ज्या कुटुंबांतल्या व्यक्तींचा जन्म १९६१ पूर्वी पोर्तुगीज राजवटीत झाला, त्यांच्या वंशजांचा प्रश्न वेगळा. मुलांना वंशाच्या आधारे नागरिकत्व घेताना भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही. नातवंडांच्या बाबतीत मात्र भाषेचं ज्ञान विचारात घेतलं जातं. हे नियम अलीकडे वारंवार बदलत असल्याने एजंटच्या व्हॉट्सॲप संदेशावर विसंबून क्लासचे पैसे भरू नयेत. आणि भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, ही गोष्ट क्लासच्या जाहिरातीत सहसा लिहिलेली नसते.

ब्राझीलसाठी परीक्षा आहे ‘सेल्पे-ब्रास’. तिथे प्रत्येक पातळीची वेगळी प्रश्नपत्रिका नसते. सगळे एकच परीक्षा देतात आणि गुणांनुसार पातळी ठरते. व्हिडिओ पाहून, लेख वाचून त्यावर पत्र किंवा टिपण लिहायचं असतं. व्याकरणाचे सुटे प्रश्न नसतात. अगदी नवशिक्यासाठी ती नव्हेच.

तिसरा गट महाराष्ट्र-गोव्यात बराच आहे, पण त्याचा विचार कुठलंच ॲप करत नाही. हा गट म्हणजे ज्यांना पोर्तुगीज फक्त वाचायची आहे. गोव्यात जमिनीचे, वारशाचे जुने दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये आहेत. तिथल्या समान नागरी कायद्याचं मूळ १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. पणजीच्या पुराभिलेखागारात मराठ्यांच्या इतिहासाची मोठी सामग्री आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी ‘पोर्तुगीज-मराठे संबंध’ लिहिलं ते याच कागदांच्या बळावर. वकील, संशोधक किंवा स्वतःच्या घराचे कागद समजून घेऊ पाहणारा माणूस यांनी ‘नमस्कार, तुमचं नाव काय’पासून सुरुवात करण्याची गरज नाही. त्यांनी व्याकरणाचं एक चांगलं पुस्तक घ्यावं, क्रियापदांचे भूतकाळ आधी पक्के करावेत आणि पहिल्या महिन्यापासून छापील जुना मजकूर शब्दकोशाच्या मदतीने वाचावा. हस्तलिखितं त्यानंतर. जुनं वळणदार अक्षर वाचणं ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती जाणकारासोबत बसूनच येते.

मराठी येत असल्याचा काही फायदा?

होतो, पण सांगितला जातो तसा नाही. बटाटा, काजू, अननस, पगार, चावी, लिलाव, घमेलं, पिंप, मेस्त्री, नाताळ हे शब्द पोर्तुगीजमधून आले, ही यादी समाजमाध्यमांवर फिरत असते. ऐकायला गंमत वाटते, पण त्यातून भाषा येत नाही. उलट एक सापळा आहे. आपला ‘पाव’ ज्या शब्दावरून आला, त्याचा शेवट पोर्तुगीजमध्ये नाकातून होतो, काहीसा ‘पांव्’ असा. मराठीसारखं सरळ ‘पाव’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला ‘काठी’ हा शब्द ऐकू येतो आणि ब्राझीलमध्ये त्याचा एक अश्लील अर्थही आहे. बेकरीत जाण्याआधी हा एक उच्चार घोटून घ्यावा.

खरा फायदा व्याकरणात आहे. ‘मी दमलो’, ‘मी दमले’ असा भेद करणाऱ्याला पोर्तुगीजमध्ये पुरुषाने ‘ओब्रिगादो’ आणि बाईने ‘ओब्रिगादा’ म्हणायचं, हे विचित्र वाटत नाही. निर्जीव वस्तूंना लिंग असतं, क्रियापद कर्त्यानुसार बदलतं, कर्ता गाळला तरी चालतो, ही सगळी आपल्या ओळखीची वळणं आहेत. इंग्रजीभाषकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत यावर पानंच्या पानं खर्च झालेली असतात. ती चाळून पुढे जाता येतं.

अडतं ते ‘आहे’पाशी. पोर्तुगीजमध्ये त्यासाठी दोन क्रियापदं आहेत. ‘ती डॉक्टर आहे’ यासाठी ‘सेर’ आणि ‘ती आजारी आहे’ यासाठी ‘इश्तार’. माणूस मुळात काय आहे ते पहिल्याने, सध्या कसा आहे ते दुसऱ्याने, असं ढोबळपणे म्हणता येईल. हे नियम पाठ करून नव्हे, शेकडो वाक्यं ऐकूनच अंगवळणी पडतं.

ॲप, शिक्षक, पुस्तक की वर्ग?

वेळेचा हिशेब आधी. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजीभाषकांना कामकाजापुरती पोर्तुगीज यायला साधारण ६०० ते ७५० वर्गतास लागतात असं धरते. पोर्तुगालच्या सरकारी वर्गांत ए१ आणि ए२ मिळून १५० तास असतात. रोज अर्धा तास दिला तर १५० तासांना ३०० दिवस, म्हणजे दहा महिने लागतात. ‘तीस दिवसांत पोर्तुगीज’ असं म्हणणाऱ्याला हा गुणाकार विचारावा.

ॲप सवय लावायला चांगलं. सुरुवातीचे काही शब्द, वाक्यांची ठेवण, मोबाइल हातात आलाच आहे तर रीलऐवजी हे, एवढं त्याचं काम. त्यात पर्याय निवडायचे असतात, बोलताना पर्याय कोणी देत नाही. दोन-तीन महिन्यांनंतरही फक्त ॲपच चालू असेल तर प्रगती नव्हे, नुसती साखळी वाढत असते.

पोर्तुगालच्या बोलीसाठी तिथल्या सरकारचा ‘प्लाताफोर्मा द पुर्तुगेश ऑनलाइन’ हा मोफत अभ्यासक्रम आहे. दिसायला साधा, पण स्थलांतरितांसाठीच बनवलेला असल्याने दवाखाना, घरभाडं, नोकरी असे कामाचे विषय त्यात आहेत. ‘प्रॅक्टिस पोर्तुगीज’ ही वर्गणी भरून वापरायची साइट युरोपीय उच्चारांसाठी उपयोगी पडते. पुस्तकांत पोर्तुगालसाठी लिडेल प्रकाशनाचं ‘ग्रामातिका आतिवा’ आणि ब्राझीलसाठी ‘नोवो आवेनिदा ब्राझील’ रुळलेली आहेत. बहुतेक साधनं इंग्रजीतून किंवा थेट पोर्तुगीजमधूनच शिकवतात, हे गृहीत धरावं.

प्रौढ नवशिक्याचे पैसे सर्वांत सार्थकी लागतात ते एकास एक शिकवणीत, तीही रोज नव्हे. आठवड्यातून एकदा ऑनलाइन एक तास आणि बाकीचे दिवस स्वतःचा अभ्यास, ही जोडी बहुतेकांना झेपते. शिक्षक निवडताना तो कुठल्या बोलीचा, तासातला किती वेळ विद्यार्थी बोलतो आणि चुका लिहून देतो का, एवढं चाचणी तासातच कळतं. चाळीस मिनिटं शिक्षकच बोलत असेल तर दुसरा बघावा.

प्रत्यक्ष वर्ग हवा असेल तर गोवा सोयीचं. पणजीत पोर्तुगाल सरकारच्या कामोइंश संस्थेचं भाषाकेंद्र आहे आणि गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचं उच्चशिक्षण मिळतं. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठातही पोर्तुगीज शिकता येतं, पण तो नोकरदाराचा मार्ग नव्हे. गोव्यातल्या वर्गांत पोर्तुगालची धाटणी असते, ब्राझीलला निघालेल्याने हे ध्यानात घ्यावं.

ऐकण्याचं काय?

इथे सगळे आळस करतात आणि परीक्षेत इथेच गुण जातात. पोर्तुगालच्या ‘आरटीपी’ या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा रेडिओ इंटरनेटवर फुकट ऐकता येतो. सुरुवातीला काही कळणार नाही आणि तासभर पार्श्वभूमीला लावून ठेवल्याने कानात आपोआप काही शिरतही नाही. त्यापेक्षा मजकूर सोबत असलेला दोन मिनिटांचा तुकडा घ्यावा. आधी नुसता ऐकावा, मग मजकूर बघत, मग पुन्हा नुसता. तिसऱ्या वेळी गिळलेले स्वर सापडू लागतात. तोच तुकडा चार दिवसांनी परत ऐकला की पहिल्या दिवशी ‘श्प्रार’ एवढंच ऐकू आलेल्या जागी अख्खं वाक्य उभं राहतं.