चरबीचा भाव

लोणंदच्या बाजारात मेंढरू पुष्कळदा काट्यावर चढतच नाही. घेणारा त्याच्या पाठीच्या कण्यावर हात फिरवतो, कमरेपाशी अंगठा दाबतो आणि आकडा बोलतो. त्या हाताला नेमके काय कळते, या प्रश्नापायी मी अठराव्या शतकातल्या इंग्लंडपर्यंत गेलो.

लेस्टरशायरमधील डिशलीचा रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) हाही जनावर हातानेच पारखी. जवळच्या नात्यातली मेंढरे जुळवून त्याने ‘न्यू लेस्टर’ जात घडवली. हाडाने बारीक, अंगाने गोल आणि सुमारे दोन वर्षांतच कापण्याजोगी. तोवर मेंढी मुख्यतः लोकरीसाठी पाळत, मांस म्हातारपणी. बेकवेलने हा क्रम उलटा केला. त्याच्या मटणावर चरबीचा थर असा की खवय्यांनी नाके मुरडली. पण कष्टकऱ्याला त्या चरबीतून थोडक्या पैशांत ताकद मिळे, आणि चरबीच्या मेणबत्त्या घरोघर जळत.

पुढे बर्फाने बाजार बदलला. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी ‘डुनेडिन’ हे शिडाचे जहाज न्यूझीलंडहून गोठवलेले मांस घेऊन लंडनकडे निघाले. त्यात मोठ्या मेंढ्या चार हजारांवर होत्या, कोकरे सहाशेच्या आत. नंतरच्या काळात पारडे कोकरांकडे झुकत गेले, कारण लहान कुटुंबाला लहान तुकडा हवा होता.

चरबीचे कोडे केंब्रिजच्या जॉन हॅमंड यांनी १९३२ च्या ग्रंथात उलगडले. वेगवेगळ्या वयांची मेंढरे कापून त्यांनी हाड, मांस आणि चरबी वेगळी तोलली. वाढीचा जोर आधी हाडावर, मग मांसावर, शेवटी चरबीवर. म्हणजे कोकराचा पुढचा किलो मागच्या किलोसारखा नसतो. त्यात चरबीचा वाटा वाढत जातो. चारा आंबून पोटात ॲसिटेट तयार होते. वाढ मंदावली की गरजेपुरते वापरून उरलेले चरबीच्या पेशींत साठते. वयाबरोबर मांसातले तंतुबंध घट्ट होऊन ते चिवट होते, उग्र वासही चढतो.

यावरून मी बरीच वर्षे समजत होतो की कोकरू जितके हलके, तितके मांस चांगले. तो समज १९६० च्या दशकातल्या न्यूझीलंडच्या संशोधनाने मोडला. कापल्यावर मांस फार लवकर गार झाले तर स्नायू आखडतात, आणि कोवळे मांसही चामड्यासारखे होते. चरबीचा पातळ थर गोधडीसारखा ही थंडी अडवतो. बेकवेलचा थर जास्त होता, पण थर मुळीच नको असे म्हणणेही चुकीचे.

आपल्याकडचा धनगर बहुधा तीन-चार महिन्यांचे कोकरू विकतो. चारा संपलेला असतो, पैशांची नड असते. मांस कोवळे असते, पण जनावर अजून भरायचे असते. पुढच्या वाढीचा पैसा घेणाऱ्याकडे जातो. कण्यावरून फिरणाऱ्या त्या हाताला हे ठाऊक असते. विकणाऱ्यालाही ठाऊक असते. त्याला थांबणे परवडत नाही.