जानकी अम्मल : गुणसूत्रांतून वनस्पतींची वंशावळ शोधणाऱ्या शास्त्रज्ञ

फुले, पाने, फळे यांची ठेवण पाहून वनस्पतीची जात निश्चित करावी, हा वर्गीकरणशास्त्राचा जुना रिवाज. एडवलेठ कक्कट जानकी अम्मल (१८९७-१९८४) यांनी ही पाहणी पेशीच्या आत नेली. दोन वनस्पतींचे नाते बाह्य साम्यावरून कळत नसेल, तर त्यांच्या गुणसूत्रांची संख्या व रचना त्याचा पुरावा देऊ शकते, हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य सूत्र होते.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी केरळमधील तलश्शेरी येथे झाला. वडील ई. के. कृष्णन हे न्यायखात्यात अधिकारी होते. मद्रासच्या क्वीन मेरीज आणि प्रेसिडेन्सी महाविद्यालयांत शिक्षण घेऊन त्यांनी काही काळ अध्यापन केले. पुढे बार्बर शिष्यवृत्तीवर त्या अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि १९३१ मध्ये त्यांना तेथून डॉक्टरेट मिळाली. त्या काळात भारतात पदवीधर स्त्रियाच मोजक्या होत्या, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

१९३४ ते १९३९ ही कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रातील वर्षे विशेष महत्त्वाची. गोड, जाड उसाचा (सॅकरम ऑफिसिनारम) रानटी भाईबंद सॅकरम स्पॉन्टेनियम, म्हणजे संस्कृतातील काश, याच्याशी संकर करून काटक वाण मिळवण्याची पद्धत तेथे आधीच रूढ झाली होती. जाड उसात सामान्यतः ८० गुणसूत्रे असतात; काश गवतात मात्र ही संख्या ठिकाणपरत्वे ४० पासून १२८ पर्यंत बदलते. एकाच नावाखाली वावरणाऱ्या गवतात एवढा फरक असेल, तर जात कशाला म्हणायचे? जानकी अम्मल यांनी या गवताच्या भौगोलिक प्रसाराचा आणि गुणसूत्रांचा अभ्यास एकत्र केला व त्याचे मूळ भारतात असल्याचे मत मांडले. त्यांनी उसाचा संकर थेट मक्याशीही घडवून आणला. त्याचा वृत्तांत १९३८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अशा संकरांचे व्यावहारिक मोल मर्यादित असले, तरी गवतांच्या कुळातील प्रजाती एकमेकींना किती जवळच्या आहेत, हे त्यांवरून जोखता आले. अविवाहित स्त्री आणि मागास मानल्या गेलेल्या तिय्या समाजातील व्यक्ती म्हणून कोइमतूरचा काळ त्यांना सुखाचा गेला नाही, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे.

१९३९ मध्ये एडिंबरा येथील आनुवंशिकी परिषदेला त्या गेल्या आणि महायुद्ध सुरू झाल्याने इंग्लंडमध्येच राहिल्या. जॉन इनेस संस्थेत सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी केलेल्या कामातून १९४५ मध्ये लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश प्रसिद्ध झाला. हजारो वनस्पतींच्या गुणसूत्रसंख्या एकत्र देणारा हा ग्रंथ पुढे जगभरच्या पैदासकारांच्या हाताशी राहिला. त्यानंतर विस्ली येथील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या उद्यानात त्यांनी मॅग्नोलियाच्या रोपांवर कॉल्चिसिन हे द्रव्य वापरून गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्याचे प्रयोग केले. तेथील मॅग्नोलियाच्या एका वाणाला त्यांचेच नाव आहे.

पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून १९५१ मध्ये त्या भारतात परतल्या. १८९० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुनर्रचनेचे काम त्यांच्यावर सोपवण्यात आले. संस्थेचे प्रमुखपद मात्र मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील, खंडाळ्याच्या वनस्पतींचे अभ्यासक फादर सांतापाव यांच्याकडे गेले. जानकी अम्मल यांना हे रुचले नाही. व्यक्तिगत नाराजी बाजूला ठेवली, तरी प्रश्न दृष्टिकोनाचाही होता : वाळवलेल्या नमुन्यांवर उभे असलेले पारंपरिक वर्गीकरण की जिवंत वनस्पतीच्या पेशीपर्यंत जाणारा अभ्यास? आज दोन्ही पद्धती हातात हात घालून चालतात. तेव्हा तसे नव्हते.

हिमालयावरील त्यांचे विवेचन उत्क्रांतीच्या अभ्यासकांना आजही उपयुक्त वाटते. वायव्येकडील थंड व कोरड्या भागापेक्षा ईशान्येकडील थंड व दमट भागात बहुगुणित वनस्पती अधिक आढळतात. शिवाय चिनी व मलायी वनस्पतींचा भारतीय वनस्पतींशी तेथे संगम होऊन नैसर्गिक संकर घडतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. भूप्रदेशाच्या हवामानातून जाती कशा निपजतात, याचा हा शोध होता.

जम्मूतील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा आणि अल्पकाळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र असा प्रवास करून १९७० मध्ये त्या मद्रासला स्थायिक झाल्या. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. केंद्र सरकारने वर्गीकरणशास्त्रासाठी सुरू केलेला राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्याच नावे आहे. उतारवयातही मदुरवायल येथील क्षेत्रीय प्रयोगशाळेत त्यांचे काम चालूच होते. केरळमधील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये, यासाठी त्यांनी आवाज उठवला आणि तेथील वनस्पतींच्या गुणसूत्रांची पाहणीही हाती घेतली. फेब्रुवारी १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली.