मूलपेशी-रोपण, कंपवातावरील

कंपवातात नष्ट झालेल्या डोपामीन-पेशींच्या जागी मूलपेशींपासून घडवलेल्या पेशी मेंदूत रोपण्याची प्रायोगिक पद्धत. मध्यमेंदूतल्या काळसर पट्ट्यातील पेशी मरू लागल्या की पुटामेन या भागाला होणारा डोपामीनचा पुरवठा आटतो. हालचाली मंदावतात, हात थरथरतात, अंग ताठरते. नव्या पेशी सहसा मूळ जागी न लावता थेट पुटामेनमध्ये सोडतात, कारण प्रौढ मेंदूत तंतूंनी तेवढे अंतर वाढत जाणे अवघड असते.

स्वीडनमधील लुंड येथे १९८७ साली गर्भपातातून मिळालेल्या भ्रूणऊतींचे रोपण सुरू झाले. काही रुग्णांना वर्षानुवर्षे गुण आला आणि आशा फार वाढल्या. अमेरिकेत कर्ट फ्रीड यांच्या गटाने ४० रुग्णांवर केलेल्या चाचणीत निम्म्यांच्या कवटीला नुसती भोके पाडली, ऊती घातल्याच नाहीत. हे क्रूर वाटते. पण बरे वाटेल या अपेक्षेनेही कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत डोपामीन स्रवते, त्यामुळे अशा तुलनेवाचून खरा गुण ओळखणे कठीण होते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत साठीच्या आतल्या रुग्णांनाच काहीसा लाभ दिसला. काहींना पुढे आवरता न येणाऱ्या हालचाली जडल्या. २००८ मध्ये तर शवविच्छेदनात रोपलेल्या पेशींतही रोगाची खूण असलेले लेवी पिंड आढळले.

भ्रूणऊतींचा तुटवडा आणि त्यांचा असमान दर्जा या अडचणी शिन्या यामानाका यांच्या २००६–०७ मधील शोधाने बदलल्या: प्रौढ पेशीलाच मागे नेऊन तिची मूलपेशी (आयपीएस) करता येऊ लागली. क्योतो येथे जुन ताकाहाशी यांच्या गटाने दात्याच्या अशा पेशींपासून डोपामीन-पूर्वपेशी तयार करून सात रुग्णांत रोपल्या. २०२५ मधील अहवालानुसार दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम वा गाठ आढळली नाही, आणि गुण तपासलेल्या सहांपैकी चौघांच्या हालचाली सुधारल्या. तुलनेचा गट मात्र नव्हता, हे विसरता कामा नये. शिवाय विस्मरण, बद्धकोष्ठ, वासाची जाणीव जाणे या तक्रारींचे मूळ केवळ डोपामीनच्या उणिवेत नसल्याने त्या या रोपणाने सुटण्याची अपेक्षा नाही.

भारतात २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसारख्या मान्य आजारांतील रक्तनिर्मितीक्षम पेशींचे रोपण वगळता मूलपेशींचा उपयोग फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. कंपवातावर पैसे घेऊन मूलपेशी टोचणे हा मान्य उपचार नाही.