छायाचित्रांचे बिऱ्हाड

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाला जागेचा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत संसार मांडलेल्यांना ठाऊक असते की जागा फुकट मिळत नाही, आणि मिळाली तरी फार दिवस फुकट राहत नाही. फोटोंच्या साठवणीचा इतिहासही याच नियमाने घडला आहे.

मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. त्या काळी चित्र काचेवर उतरे. काच जड, महाग आणि फुटणारी; म्हणून काय टिपायचे याची निवड आधीच करावी लागे. पुढे फिल्म आली, तरी ३६ फोटोंचा रोल माणूस पुरवून वापरी. निवडक फोटो आल्बमात जात, पाठीमागे नाव व साल लिहिले जाई. अर्थात आल्बमही अमर नव्हता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या किती घरांतले आल्बम चिखलात गेले असतील!

अंकीय कॅमेऱ्याचा पहिला नमुना कोडॅक कंपनीत १९७५ साली तयार झाला. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला त्याला २३ सेकंद लागत. आज मोबाईल क्षणात फोटो काढतो. डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील गाळूनही तो साधारण तीन-चार मेगाबाइटचा होतो. म्हणजे एका गिगाबाइटमध्ये अडीचशे-तीनशे फोटो मावतात.

मे २०१५ मध्ये गूगलने, फोटो किंचित आकसून घेण्याच्या अटीवर, अमर्याद जागा फुकट देऊ केली. १ जून २०२१ पासून मात्र नवे फोटो पत्रव्यवहारासकट १५ गिगाबाइटच्या मर्यादेत मोजले जाऊ लागले, त्यापलीकडे भाडे. आधी सवलत, मग सवय, मग आकारणी हा क्रम आम्हां चळवळीतल्या माणसांना नवा नाही. तरी एवढे ध्यानात घ्यावे की ज्याला ‘ढग’ म्हणतात तो जमिनीवरच्या इमारतींतच असतो. तिथे वीज जळते, यंत्रे थंड ठेवावी लागतात, आणि पाळीपाळीने कामगार राबतात.

आता मूळ मुद्दा. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गावरचे अनेक कारखाने बंद पडले आणि त्यांच्या जागी टॉवर व मॉल उभे राहिले. तिथल्या गेटसभा, मोर्चे, निवृत्तीचे निरोपसमारंभ आता फोटोंतच उरले आहेत. विक्रोळीला गोदरेज उद्योगसमूहाने २००६ साली स्वतःचे अभिलेखागार सुरू केले. ते योग्यच झाले. पण कामगाराचे अभिलेखागार कोणते? त्याच्या मुलाचा मोबाईल! आणि तिथे सुप्रभाताच्या फुलांची रोजची भर. भारतातले मोबाईल भरून जाण्याचे हे एक मोठे कारण असल्याचे गूगलच्या संशोधकांना आढळले, अशी बातमी जानेवारी २०१८ मध्ये आली होती. जागा संपली की घाईने पुसापुशी होते, आणि त्यात फुलांबरोबर माणसेही जातात. मोबाईल व ढगातला साठा जोडलेला असला तर एकीकडे पुसलेले दुसरीकडूनही जाते.

म्हणून आम्ही सुचवतो ते साधे आहे. एकाच प्रसंगाच्या वीस फोटोंतले दोन ठेवावेत. व्हॉट्सअॅपवरून आलेली प्रत आकसलेली असते, तेव्हा मूळ प्रत मागून घ्यावी. नाव, ठिकाण, साल नोंदवावे. मग दोन डिस्कवर दोन प्रती करून त्या दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. एक शक्यतो वरच्या मजल्यावर.

पूर्वी काच आणि रोल आपल्याकडून निवड करवून घेत. आता ते काम आपल्यावर आले आहे, आणि ते कोणत्याही कंपनीकडे सोपवण्यासारखे नाही. गेटसभेच्या फोटोत मागल्या रांगेत उभा असलेला माणूस कोण, हे सांगणारे वृद्ध अजून चाळींत आहेत. आरंभ त्यांच्यापासून करावा.