सिॲटल नगर परिषदेची २०१३ ची निवडणूक : एका मागणीचा प्रचार

प्रस्तावना

जातिभेदास प्रतिबंध करणाऱ्या सिॲटल शहराच्या २०२३ च्या कायद्यामुळे क्षमा सावंत हे नाव भारतात परिचित झाले. त्या ज्या निवडणुकीतून नगर परिषदेत पोहोचल्या, तिची चर्चा मात्र आपल्याकडे फारशी झाली नाही. स्थानिक निवडणुकीतील प्रचार एखादी मागणी शहराच्या धोरणापर्यंत कशी नेतो, हे त्या निवडणुकीच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

सिॲटलला कामगार चळवळीची जुनी परंपरा आहे. १९१६ मध्ये ॲना लुईस स्ट्राँग शहराच्या शालेय मंडळावर निवडून आल्या. १९१८ मध्ये मतदारांनी त्यांना परत बोलावले. फेब्रुवारी १९१९ मध्ये सुमारे ६५,००० कामगारांनी सार्वत्रिक संप केला. पुढे विमानबांधणी व संगणक उद्योगांनी शहरास समृद्धी दिली. परंतु हॉटेले, दुकाने यांतील कामगारांपर्यंत ती पोहोचली नाही. २०१३ मध्ये राज्याचे किमान वेतन तासाला ९.१९ डॉलर होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या फास्ट फूड कामगारांनी १५ डॉलरच्या मागणीसाठी संप केला आणि मे २०१३ मध्ये ही चळवळ सिॲटलमध्ये आली.

उमेदवार व प्रचार

सावंत यांचा जन्म १९७३ साली पुण्यात झाला व त्या मुंबईत वाढल्या. मुंबई विद्यापीठातून संगणकशास्त्राची पदवी घेऊन त्या अमेरिकेस गेल्या व तेथे त्यांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. सिॲटलमधील एका कम्युनिटी कॉलेजात त्या अंशकालीन अध्यापन करीत. २०१२ मध्ये राज्य विधिमंडळाच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला होता.

२०१३ मध्ये त्यांचे प्रतिस्पर्धी होते रिचर्ड कॉनलिन. १९९७ पासून निवडून येणारे कॉनलिन प्रतिगामी नव्हते. पर्यावरणाच्या प्रश्नांवर ते उदारमतवादी मानले जात. मात्र २०११ मध्ये पगारी आजारपण-रजेच्या कायद्यास परिषदेत विरोध करणारे ते एकटेच सदस्य होते. सावंत यांनी नेमक्या याच भेदावर बोट ठेवले. १५ डॉलर किमान वेतन, घरभाड्यावर नियंत्रण व अतिश्रीमंतांवर कर या तीन मागण्यांभोवती त्यांचा प्रचार फिरत राहिला. कंपन्यांच्या देणग्या नाकारून त्यांनी स्वयंसेवकांवर भर दिला. निवडून आल्यास सरासरी कामगाराइतकेच वेतन घेऊ, असे आश्वासनही त्यांनी दिले.

निकाल व परिणाम

५ नोव्हेंबरच्या रात्री कॉनलिन आघाडीवर होते. वॉशिंग्टन राज्यात मतदान टपालाने होत असल्याने मोजणी अनेक दिवस चालते. उशिरा मोजलेल्या मतांत चित्र पालटले व १५ नोव्हेंबरला कॉनलिन यांनी पराभव मान्य केला. अंतिम फरक तीन हजारांहून थोडा अधिक होता.

या निकालापेक्षाही महत्त्वाची बाब मतदानापूर्वीच घडली होती. महापौरपदाच्या दोन्ही प्रमुख उमेदवारांनी १५ डॉलरच्या मागणीस अनुकूलता दर्शविली होती. २ जून २०१४ रोजी परिषदेने यासंबंधीचा कायदा एकमताने संमत केला. मात्र वाढ टप्प्याटप्प्याने व्हायची होती : मोठ्या आस्थापनांना तीन ते चार वर्षे, लहानांना सात वर्षांपर्यंत मुदत मिळाली. सावंत यांनी या सवलतींना विरोध केला, तरी कायद्याच्या बाजूने मत दिले.

समारोप

हे यश एकट्या उमेदवाराचे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. संपकरी कामगार, संघटना व शेजारच्या सीटॅक शहरातील मतदार यांचाही त्यात वाटा होता. सीटॅकमध्ये त्याच नोव्हेंबरात १५ डॉलरचा प्रस्ताव अवघ्या ७७ मतांनी संमत झाला. तथापि रस्त्यावरची मागणी मतपत्रिकेपर्यंत नेण्याचे कार्य या प्रचाराने केले. नऊ सदस्यांच्या परिषदेत एका जागेचे संख्याबळ अल्पच असते. परंतु प्रचारात एक स्पष्ट आकडा सातत्याने मांडला गेल्यास प्रतिस्पर्ध्यांनाही त्यावर भूमिका घ्यावी लागते. आपल्याकडील महापालिका निवडणुकांचे अभ्यासक विजयी उमेदवारांची संख्या मोजतात. प्रचारातील कोणती मागणी पुढे ठरावात उतरली, याचीही नोंद त्यांनी ठेवणे अगत्याचे आहे.