थोरो आणि त्याचे प्रकाशक

ग्रंथकार प्रकाशकाला जीं पत्रें लिहितो त्यांत काव्य फारसें आढळत नाहीं. प्रती किती उरल्या, मुद्रितें केव्हां येणार, हिशेब कधीं मिटणार, असाच मजकूर त्यांत असतो. तरीहि त्या रुक्ष मजकुरांतून माणसाची पारख कशी होते, तें आज आपणांस सांगावयाचें आहे. उदाहरण घेतों तें अमेरिकेंतील काँकर्ड गांवच्या हेन्री डेव्हिड थोरोचें (१८१७–१८६२). ज्याच्या कायदेभंगावरील निबंधाचा गांधीजींनीं गौरव केला तोच हा थोरो.

काँकर्ड व मेरिमॅक नद्यांवरील जलप्रवासाचें त्याचें पहिलें पुस्तक बोस्टनच्या मन्रो कंपनीनें १८४९ सालीं काढलें. खर्चाची जोखीम मात्र लेखकाच्या माथीं होती. प्रती हजार छापल्या, पण पुस्तक खपेना. तळघरांतील जागा मोकळी हवी, उरलेल्या प्रतींचें काय करावें, अशीं प्रकाशकाचीं पत्रें येऊं लागलीं. अखेर ऑक्टोबर १८५३ मध्यें थोरोनें त्या घरीं मागविल्या. त्या ७०६ भरल्या! पंचाहत्तर फुकट गेल्या होत्या; विकल्या गेलेल्या सव्वादोनशेंहि नव्हत्या. त्यानें ते गठ्ठे स्वतः पाठीवर घेऊन दोन जिने चढविले. आणि आपल्या ग्रंथसंग्रहांतील बहुतेक ग्रंथ आपणच लिहिलेले आहेत, अशी रोजनिशींत स्वतःची थट्टा केली. पुढच्याच महिन्यांत देणें फिटलें. त्यानें भरलेली रक्कम २९० डॉलर होती, आणि इतर ठिकाणांहून हातीं आलेले डॉलर होते सुमारें १५. जमिनीची मोजणी व घरचा पेन्सिलींचा धंदा यांवर चरितार्थ चालविणाऱ्याला हा भार लहान नव्हता.

पैशाच्या बाबतींत असा सोशिक असलेला हा मनुष्य शब्दाच्या बाबतींत मात्र तसूभरहि हटत नसे. १८५८ सालीं 'अटलांटिक मंथली' मासिकांत त्याचा मेनच्या अरण्यांवरील लेख छापतांना संपादक लॉवेल यांनीं एक वाक्य गाळलें. पाइन वृक्षहि आपल्यासारखाच अमर आहे, असा त्याचा आशय होता. थोरोनें २२ जूनला खरमरीत पत्र लिहिलें. माझें मत कोणी मानावें असा माझा आग्रह नाहीं. पण मागून घेतलेला लेख माझ्या संमतीवांचून कापण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं, असा त्याचा सारांश. लॉवेल संपादक असेपर्यंत त्यानें त्या मासिकाला पुन्हां लेख दिला नाहीं.

१८६२ च्या आरंभीं तो क्षयानें अंथरुणाला खिळला होता. तेव्हां तें मासिक टिकनॉर आणि फील्ड्स यांच्याकडे आलें होतें. 'वॉल्डन'हि १८५४ सालीं त्यांनींच प्रसिद्ध केलें होतें. त्यांनीं लेख मागितले. थोरोच्या हातांत लेखणी धरण्याचें त्राण उरलें नव्हतें. बहीण सोफिया त्याच्यासाठीं पत्रें लिही. लेख देतांना त्यानें अट घातली ती जुनीच : संमतीवांचून एकहि वाक्य बदलूं वा गाळूं नये. मार्चमध्यें 'वॉल्डन'च्या नव्या आवृत्तींतून उपशीर्षक काढावें असेंहि त्यानें कळविलें. फील्ड्स यांनीं पहिल्या पुस्तकाच्या उरलेल्या प्रतीहि विकत घेतल्या. ६ मे रोजीं थोरो निवर्तला.

न खपलेल्या सातशें प्रतींचा भार त्यानें मुकाट्यानें वाहिला. गाळलेल्या एका वाक्याचा मात्र त्याला वाहवला नाहीं.